पाचामुखी परमेश्वर आणि पंचाच्या पाठीत दगड

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण पिढ्यान् पिढ्या आपल्या तोंडी आहे. परंतु शाळकरी मुलांचा कबड्डीचा सामना चालू असावा, चढाई संपताना सरपंचाची शिट्टी वाजावी, निर्णय पाहुण्या संघाच्या बाजूने जावा आणि दोरीबाहेरच्या चार-सहा प्रौढ पुरुषांनी मैदानात शिरून त्या सरपंचाची गचांडी धरावी, हेही आता आपल्या परिचयाचे झाले आहे. बहुधा त्याची बातमीसुद्धा होत नाही. कोणी वडीलधारा मध्ये पडतो, ‘खेळात असे व्हायचेच’ म्हणतो, पंचाला मोटारसायकलवर बसवून फाट्यापर्यंत पोचवतो आणि दुसरा पंच उभा करून सामना पुढे चालू होतो. या ‘व्हायचेच’ला आमचा विरोध आहे. मुलांच्या मैदानावर पंचावर उचललेला हात हा झुंडशाहीचा पहिला धडा आहे, आणि तो गिरवून घेणारे गुरुजी आपण मोठी माणसेच आहोत.

जळगावपासून हाकेच्या अंतरावरचे असोदा महाराष्ट्राला ठाऊक आहे ते बहिणाबाई चौधरींचे माहेर म्हणून. १८८० साली या गावात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या त्या शेतकरी स्त्रीच्या नावाचा अवघ्या खानदेशाला अभिमान आहे. कष्टकऱ्याच्या शहाणपणाला आपण मान देतो याची ती साक्ष आहे असे आम्ही समजतो. असोदा काय, भादली काय, ममुराबाद काय, कोणत्याही एका गावावर बोट ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु अशा गावांतून कापसाची वेचणी आटोपत आली की मैदाने आखली जातात, बारागाड्यांच्या यात्रेला जोडून कुस्त्यांची दंगल भरते, शाळांचे संघ उतरतात. हा सारा उत्सव ज्याच्या शिट्टीवर चालतो तो माणूसही कष्टकरीच आहे, हे मात्र आपण विसरतो.

कोण असतो हा पंच? बहुतेक वेळा तो कुठल्या तरी शाळेतला शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असतो, किंवा गुडघा निकामी झाल्यामुळे खेळ सोडावा लागलेला जुना खेळाडू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण या विषयांना ‘अंशकालीन निदेशक’ सांगितला, आणि तोही शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेत. म्हणजे मुलांना खेळ शिकवणाऱ्याची गरज अर्धवेळच आहे, असे कायद्यानेच ठरवून टाकले! अशा अर्धवेळ पोटाच्या माणसाने सकाळची एस. टी. पकडायची, दिवसभर उन्हात शिट्टी फुंकायची, संध्याकाळी तुटपुंजे मानधन आणि नारळ घेऊन परतायचे. मार पडला तर दवाखान्याचा खर्च त्याचा आणि तक्रार करायची तर दुसऱ्या दिवशीच्या रजेचा अर्जही त्याचाच. संयोजक मंडळ तोवर मंडप उतरवण्यात गुंतलेले असते.

निर्णय देणे किती कठीण असते, याची दोरीबाहेरच्या माणसाला कल्पना नसते. कबड्डीत एक सरपंच, दोन पंच, दोन रेषापंच आणि एक गुणलेखक असा ताफा लागतो, तो उगीच नव्हे. तीस सेकंदांच्या चढाईत चढाई करणाऱ्याचे बोट बचावपटूच्या सदऱ्याला लागले की नाही, बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय हवेत होता की भुईला टेकला होता, पकडीतून निसटताना हात मध्यरेषेला शिट्टीपूर्वी पोचला की नंतर, हे सारे डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात घडते. जवळ उभ्या असलेल्या पंचाचीही तेथे चूक होऊ शकते. मग पंधरा पावलांवरून, चार डोक्यांच्या फटीतून, आपल्याच पोराकडे डोळे लावून बसलेल्या बापाला ते स्वच्छ दिसले, हा दावा कोणी करावा? तरीही तो दावा केला जातो, आणि दावा करणाऱ्याच्या मागे वीस माणसे असली की तो सिद्ध झाला असे मानले जाते.

हे लोण खालून वर गेले की वरून खाली आले? आमच्या मते वरून खाली. १९६१ साली सुरू झालेली महाराष्ट्र केसरी स्पर्धा हे मराठी मुलुखाच्या कुस्तीचे मानचिन्ह. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत उपांत्य लढतीतील एका डावाच्या चार गुणांवरून वाद पेटला, आणि त्यापाठोपाठ एका पंचाला दूरध्वनीवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला त्याच स्पर्धेत शिवराज राक्षे या मल्लाला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट ठरवण्यात आले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, चलचित्र पाहा, अशी त्याची मागणी होती. मागणीत गैर काही नव्हते. पण तिच्यामागोमाग पंचाची कॉलर धरली गेली आणि पंचाला लाथ बसली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी वाद घालून मैदान सोडले. दोघांना तीन वर्षांचे निलंबन जाहीर झाले. याहून गंभीर गोष्ट पुढे घडली. पूर्वी हीच गदा मिळवलेल्या एका मल्लाने, जो राजकारणातही आहे, लाथ कसली, पंचाला गोळ्याच घालायला हव्या होत्या, या आशयाचे उद्गार जाहीरपणे काढले. तालमीतल्या बारा वर्षांच्या पोराने यातून काय शिकायचे?

आणि संघटनांनी तरी निर्णयाची प्रतिष्ठा कोठे राखली आहे? त्याच २०२५ साली फेब्रुवारीत एका संघटनेचा महाराष्ट्र केसरी झाला आणि मार्चमध्ये कर्जतला दुसऱ्या संघटनेचा. मामासाहेब मोहोळांनी १९५३ साली ज्या कामाची पायाभरणी केली, त्याचे वारस कोण यावर भांडणारे पुढारी जर एकमेकांचा निर्णय मानत नाहीत, तर गावातला पहिलवान पंचाचा निर्णय का मानील? नेत्यांची बेशिस्त ‘मतभेद’ या नावाने मिरवते आणि प्रेक्षकाची बेशिस्त ‘हुल्लडबाजी’ ठरते. मूळ रोग एकच आहे.

या रोगाला केवळ ‘संस्कारांचा अभाव’ म्हणून मोकळे होणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पंचाच्या शिट्टीवर आज केवळ एक ढाल आणि दोन फुलांचे हार अवलंबून नसतात. शालेय स्पर्धांची शिडी तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी चढत जाते. त्या शिडीवरच्या यशातून दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, आणि पुढे शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाची वाट उघडते. चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा आणली आणि पुढे तो पोलीस दलात अधिकारी झाला, हे जळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक तालमीला पाठ आहे. ती कमाई त्याच्या घामाची आहे आणि तिचा आम्हांलाही आनंद आहे. पण ज्या भागात कापसाचा भाव पडला की घर बसते, पदवीधर पोरगा पोलीसभरतीच्या मैदानावर वर्षामागून वर्षे धावत राहतो, तेथे एका गुणाची किंमत काय होते ते ध्यानात घ्या. मैदानाबाहेर ओरडणाऱ्या बापाला त्या शिट्टीत पोराची नोकरी ऐकू येते. त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, हे आम्ही नाकारत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, नोकऱ्यांचा दुष्काळ पंचाने पाडलेला नाही. ज्यांनी तो पाडला ते तर त्याच मैदानावर मंडपात सतरंजीवर बसलेले असतात आणि त्यांच्या गळ्यात हार असतो.

या मंडपाविषयीही बोलले पाहिजे. मुलांच्या स्पर्धेला आता रोख बक्षिसे लागतात, वाढदिवसांचे फलक लागतात, उद्घाटनाला एक आणि समारोपाला दुसरा असे पाहुणे लागतात. ज्याने बक्षीस पुरस्कृत केले त्याच्या वॉर्डाचा, त्याच्या भावकीचा, त्याच्या गटाचा संघ हरला तर तो खेळातला पराभव राहत नाही, त्याच्या वजनाचा पराभव होतो. मग पंच कोठला, कोणाचा, त्याचे आडनाव काय, याची चौकशी सुरू होते. निर्णयाची चर्चा नियमावरून न होता आडनावावरून होऊ लागली की समजावे, मैदानावर खेळ उरलेला नाही आणि जात उतरली आहे. पंच दलित किंवा आदिवासी असला, किंवा स्त्री असली, तर शिवीची भाषा कोणते वळण घेते हे ज्यांनी कान उघडे ठेवले आहेत त्यांना सांगावे लागू नये.

यात ध्वनिक्षेपकाचा वाटा मोठा आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीत व्यंकटराघवनला पंच शंभू पान यांनी यष्टिरक्षकाकडे झेलबाद दिले. आकाशवाणीवरच्या समालोचकाने निर्णय चुकीचा असल्याचे सांगितले. ते शब्द प्रेक्षकांच्या हातांतल्या ट्रान्झिस्टरांतून त्याच क्षणी मैदानभर पसरले आणि बाटल्या उडू लागल्या, खुर्च्या जळू लागल्या. त्या माणसांनी चेंडू पाहिला नव्हता, त्यांनी आवाज ऐकला होता. आज प्रत्येक गावच्या स्पर्धेत तसा एक आवाज असतो. ‘पंचसाहेब, जरा लक्ष द्या, आमच्या पोरांवर अन्याय होतोय’ असे तो हसत हसत म्हणतो आणि दोरीबाहेरची गर्दी पाऊलभर पुढे सरकते. त्याच्या जोडीला आता मोबाइलवरचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण असते; एका कोनातून घेतलेले, हळू करून दाखवलेले, रात्रीच्या आत तालुकाभर फिरलेले. पंचाला त्यावर उत्तर देण्याची जागा कोठेच नसते.

यावर आमचे काही मित्र म्हणतील, की लोकांचा उद्रेक म्हणजे अन्यायाविरुद्धचा आवाजच असतो. लोकांवर विश्वास ठेवणाऱ्यांनी जमावाला इतके नाक मुरडू नये. हा युक्तिवाद ऐकायला क्रांतिकारक आहे, पण पोकळ आहे. मोर्चा सत्तेवर चालून जातो. या झुंडी एकट्या, नि:शस्त्र, परगावच्या शिक्षकावर चालून जातात. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केले, तेव्हा त्यांनी क्लेश स्वतःच्या देहाला दिले आणि आपले म्हणणे उघड्यावर मांडले. दगड मारणारा मात्र गर्दीत तोंड लपवतो आणि पोलीस आले की प्रथम पळतो. अन्यायाविरुद्ध उभे राहणे आणि अशक्ताला बडवणे यांतला भेद ज्या चळवळीला कळत नाही, तिच्यात उद्या गुंडांचीच भरती होईल.

दुसरा आक्षेप असा, की पंच म्हणजे काय देव आहे? ज्या समाजात जातपंचायतींच्या पंचांनी माणसांना वाळीत टाकले, त्या छळाविरुद्ध आपण लढलो आणि २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही महाराष्ट्राने केला. मग येथे पंचापुढे मान का तुकवावी? प्रश्न रास्त आहे. जातीचा पंच जन्माने पंच असतो, त्याचा नियम छापलेला नसतो, तो स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच न्यायाधीश असतो. खेळाचा पंच परीक्षा देऊन पंच होतो, त्याच्या हातातले नियमाचे पुस्तक दोन्ही संघांना सारखेच खुले असते आणि सामना संपताच त्याची सत्ताही संपते. भावकी, पैसा आणि मनगट यांपैकी काहीच ज्या जागी चालत नाही, अशी गावातली ती एकच चौकट आहे. दुबळ्या घरच्या मुलाला तिचा आधार सर्वांत जास्त. चौकट मोडली की धनदांडग्याचा संघ दरवर्षी जिंकेल, हे उघड नाही काय?

आणि पंच विकले जातात, हा तिसरा आक्षेप? काही पंच पक्षपाती असतात, काही अडाणी असतात, क्वचित एखादा मिंधाही असतो. आम्ही त्यांची वकिली करणार नाही. परंतु मार खाण्याच्या भीतीने प्रामाणिक पंच शिट्टी खाली ठेवतात आणि मग उरतात ते कोण? ज्यांना संयोजकांचे संरक्षण आहे, म्हणजे जे संयोजकांचेच आहेत. पंचावर हात टाकणारे लोक विकाऊ पंचांची संख्या वाढवत असतात. पक्षपातावर उपाय लेखी हरकतीचा आहे, पंचांच्या मूल्यमापनाचा आहे, दोषी ठरल्यास त्याचा परवाना काढून घेण्याचा आहे. यातला एकही उपाय दगडाने साधत नाही.

हा रोग आपल्यापुरताच नाही, आणि तो कोठवर जाऊ शकतो तेही जगाने पाहिले आहे. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधील अल्मेरे या शहरात मुलांचा फुटबॉल सामना झाला. ४१ वर्षांचा एक गृहस्थ, ज्याचा मुलगा त्याच सामन्यात खेळत होता, स्वयंसेवक म्हणून रेषेवर निशाण घेऊन उभा होता. सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी संघातील मुलांनी त्याला तुडवले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. २०१३ साली शिक्षा झाल्या त्या सहा किशोरवयीन मुलांना आणि एका मुलाच्या बापाला. त्या घटनेनंतरच्या आठवड्यात डच संघटनेने देशभरचे हौशी सामने बंद ठेवले. सुखवस्तू, सुशिक्षित, शिस्तीचा लौकिक असलेल्या देशात हे घडले. तेव्हा हा खेडवळपणाचा प्रश्न आहे, असे शहरातल्या विद्वानांनी समजू नये. आणि ती सहा मुले? पंचाला तुडवता येते हे त्यांना जन्मतः ठाऊक नव्हते. मोठ्यांचे वागणे पाहूनच मुले असले धडे घेतात.

आता उपाय. दर वेळी एखादा वर्ग मार खाऊ लागला की नव्या कायद्याची मागणी होते. वैद्यकीय सेवेतील लोकांसाठी २०१० साली आणि पत्रकारांसाठी २०१७ साली महाराष्ट्राने खास कायदे केले. तरी रुग्णालयांतली मोडतोड थांबली नाही आणि पत्रकारांचा मारही चुकला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत दुखापत, धमकी, बेकायदा जमाव यांना पुरेशी कलमे आहेत. वाण आहे ती फिर्याद देणाऱ्याची. म्हणून पहिला नियम असा व्हावा, की पंचावर हल्ला झाल्यास फिर्याद संयोजक संस्थेने चोवीस तासांत दिली पाहिजे, पंचाने नव्हे. न दिल्यास त्या संस्थेला पुढील दोन वर्षे स्पर्धा भरवण्याची परवानगी नाही. पंचांचे मानधन, प्रवासखर्च आणि अपघात विमा यांची रक्कम बक्षिसांच्या आधी बाजूला काढली जावी. रोख बक्षिसाला पैसे आहेत आणि पंचाच्या विम्याला नाहीत, असे म्हणणाऱ्यांची स्पर्धा क्रीडा खात्याने मान्य करू नये.

दुसरा नियम हरकतीचा. निर्णयावर कर्णधाराने लेखी हरकत घ्यावी, उपलब्ध असल्यास चित्रण पाहावे, आणि तिघांच्या समितीने कारणांसह निकाल फळ्यावर लावावा. दाद मागण्याचे दार उघडे ठेवल्यावाचून शांततेचा उपदेश करणे हा ढोंगीपणा होईल, हे अहिल्यानगरच्या प्रकारातून संघटनांनी शिकायला हवे होते. ध्वनिक्षेपकावरून निर्णयावर भाष्य करण्यास मात्र सक्त मनाई असावी.

तिसरा नियम वादाचा ठरेल, पण तो आम्ही विचारपूर्वक मांडतो. प्रेक्षक मैदानात घुसल्यास सामना तेथेच थांबवावा आणि दुसऱ्या दिवशी, उरलेल्या वेळेपुरता, प्रेक्षकांविना खेळवावा. प्रेक्षकांच्या अपराधासाठी संघ बाद करावा, असे काही जण सुचवतात. ते आम्हांला मान्य नाही. बापाच्या गुन्ह्यासाठी पोराचे वर्ष बुडवणे हा न्याय नव्हे. तशा शिक्षेत आणखी एक धोका आहे: प्रतिस्पर्धी संघाला बाद करवण्यासाठी त्याच्या नावाने गोंधळ घालणारी माणसे भाड्याने मिळतील. शिक्षा व्हावी ती हात उचलणाऱ्याला आणि चिथावणाऱ्याला. त्यांना गावातल्या प्रत्येक मैदानाची वर्षभर बंदी, आणि ही बंदी ग्रामसभेत वाचून दाखवली जावी. तो माणूस पुरस्कर्ता असला तरी. किंबहुना तो पुरस्कर्ता असला तर अधिकच.

शेवटचे काम शाळांचे आहे आणि त्याला शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आठवी-नववीतल्या प्रत्येक मुलाने, प्रत्येक मुलीने, आठवड्यातून एकदा तरी शिट्टी हातात घ्यावी. खालच्या वर्गाच्या सामन्यात एकाने सरपंच व्हावे, दुसऱ्याने गुण लिहावेत. स्पर्श झाला की नाही हे स्वतः ठरवण्याची पाळी आली, आपल्याच मित्राला बाद द्यावे लागले, की निर्णय म्हणजे काय चीज आहे ते मुलांना कळते. मुलींच्या हाती शिट्टी आली तर त्याहून मोठे काम होईल, कारण मुलीचा शब्द शेवटचा म्हणून मानण्याची सवय आमच्या खेड्यांतल्या मुलांना इतरत्र कोठेही लागत नाही. आणि त्या सामन्यांना पालकांना अवश्य बोलवावे. बसायला जागा द्यावी, टाळ्या वाजवू द्याव्यात. दोरी ओलांडली तर त्यांच्याच मुलीने शिट्टी फुंकून त्यांना मागे पाठवावे.

यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या क्रीडा शिक्षकांनी एकत्र बसून एवढेच ठरवावे: फिर्यादीची, विम्याची आणि हरकतीची लेखी हमी न देणाऱ्या कोणत्याही स्पर्धेत आपण पंच म्हणून उभे राहणार नाही. हा संप खेळाविरुद्ध होणार नाही. खेळ ज्यांनी वेठीस धरला त्यांच्याविरुद्ध होईल. शिट्टीवाचून मैदान एक दिवसही चालत नाही, हे एकदा मंडपातल्या पाहुण्यांनाही कळू द्या.